कमरेचे यंत्र आणि बीपीची गोळी

भाताची लावणी आटोपली की गावोगावच्या माणसांची कंबर बोलू लागते. दिवसभर चिखलात ओणवे राहून रोप लावायचे, पाठीवर पाऊस घ्यायचा आणि रात्री अंथरुणावर कुशीही बदलता येऊ नये, ही गत आपल्यापैकी पुष्कळांनी अनुभवली आहे. हल्ली अशा दुखण्यावर शहरात नोकरीला असलेली मुले घरी एक लहानसे यंत्र पाठवतात. साबणाच्या वडीएवढी डबी, तिला दोन किंवा चार तारा आणि तारांच्या टोकाला चिकटपट्ट्या. पट्ट्या कमरेवर लावून बटण फिरवले की मुंग्या आल्यासारखे वाटते व ठणका कमी होतो. या यंत्राला टेन्स म्हणतात. त्वचेवरून मज्जातंतूंना विजेचे हलके ठोके देणारे यंत्र, असा त्या नावाचा अर्थ.

यंत्र चांगले आहे. परंतु त्याच्यापाठोपाठ एक गैरसमज घरात शिरतो आणि त्यासाठीच हा लेख.

साठी उलटलेले एक शेतकरी गृहस्थ रविवारची मिस्सा संपल्यावर दवाखान्याच्या सिस्टरांकडे आले. चेहऱ्यावर समाधान होते.

"सिस्टर, यंत्र लावायच्या आधी प्रेशर १५४ होते, लावल्यावर १४०. आता गोळी कशाला? बंद केली मी."

"कधीपासून, बाबा?"

"झाले की तीन आठवडे."

सिस्टरांनी त्यांना पाच मिनिटे शांत बसवले आणि दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा निघाला १८२. कंबर मात्र खरोखरच दुखत नव्हती. म्हणजे यंत्राने आपले काम केले होते. चूक झाली ती त्याच्यावर दुसरे काम सोपवण्यात.

मग त्या दिवशी १५४ चे १४० झाले ते कसे? विजेचा आणि रक्तदाबाचा काहीच संबंध नाही काय? संबंध आहे, आणि तो जुना आहे. तो नीट समजून घेतला तर यंत्र कशासाठी वापरावे व कशासाठी वापरू नये, हे आपोआप ध्यानात येईल.

काळजाचे दोन कासरे

आपले हृदय स्वतःच्या लयीत चालते, पण त्याला आवरणारे आणि हाकणारे असे दोन प्रकारचे मज्जातंतू मेंदूकडून येतात. बैलगाडीची उपमा घेतली तर एक कासरा ओढून धरणारा आणि दुसरा चाबूक उगारणारा. ओढून धरणाऱ्याचे नाव व्हेगस. तो मानेतून खाली छातीत उतरतो. शांत बसलेल्या माणसाची नाडी मिनिटाला साधारण ६० ते १०० पडते. व्हेगसने आवरून धरले नसते तर ती याहून बरीच जलद पडली असती. चाबूक उगारणारे मज्जातंतू पाठीच्या कण्यातून निघतात. भीती, राग, वेदना, धावपळ अशा वेळी ते नाडी वाढवतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तदाब वर चढवतात.

विजेने हे कासरे बाहेरून ओढता येतात, हे १८४५ साली जर्मनीतील लाइपझिग येथील एर्न्स्ट व एडुआर्ट वेबर या भावांनी दाखवले. व्हेगसला विजेची चेतना देताच बेडकाचे हृदय मंदावले आणि थांबले. चेतना काढताच पुन्हा चालू लागले. मज्जातंतू एखाद्या इंद्रियाला कामाला लावतो तसा थोपवूही शकतो, ही त्या काळी नवीच गोष्ट होती.

पुढे ऑस्ट्रियातील ओटो ल्योवी यांनी दोन बेडकांची हृदये घेतली. पहिल्याच्या व्हेगसला विजेने चेतवले आणि त्याच्या भोवतालचे द्रव दुसऱ्या हृदयावर सोडले. दुसरेही मंदावले! म्हणजे मज्जातंतूच्या टोकातून काहीतरी रसायन पाझरते आणि तेच हृदयाला आवरते. या प्रयोगाची कल्पना आपणास ईस्टरच्या आदल्या रात्री झोपेत सुचली, असे ल्योवी सांगत. उठून कागदावर टिपणही केले, पण सकाळी स्वतःचेच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तीच कल्पना पुन्हा आली तेव्हा ते थेट प्रयोगशाळेत गेले. प्रयोग १९२१ साली प्रसिद्ध झाला आणि १९३६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मानेतला पहारेकरी

रक्तदाब किती आहे याची खबर मेंदूला कोण देतो? त्यासाठी देवाने दोन ठिकाणी पहारेकरी बसवले आहेत. एक हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत आणि दुसरा मानेत, जबड्याच्या कोनाखाली, जिथे मेंदूकडे जाणारी मोठी धमनी दुभंगते तिथे. धमनीची भिंत ताणली गेली की हे पहारेकरी मेंदूला वर्दी देतात. मेंदू लगेच व्हेगसचा कासरा ओढतो, चाबूक खाली ठेवायला लावतो, रक्तवाहिन्या सैल पडतात आणि दाब उतरतो. आपण अंथरुणावरून एकदम उठतो तेव्हा चक्कर येऊन पडत नाही, तेही याच पहारेकऱ्यांमुळे.

१८६६ साली त्याच लाइपझिग शहरात कार्ल लुडविग व एली द सिओन यांनी सशाचा असाच एक वर्दी नेणारा मज्जातंतू विजेने चेतवला, तेव्हा रक्तदाब घसरला आणि नाडी मंद झाली. मानेतल्या पहारेकऱ्याचे व त्याच्याजवळच्या श्वासावर लक्ष ठेवणाऱ्या गाठीचे कार्य उलगडण्यात बेल्जियमचे कॉर्नेय हेमान्स यांचा मोठा वाटा होता. त्यांना १९३८ सालचे नोबेल मिळाले.

तेव्हा विजेने रक्तदाब व नाडी बदलते, यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की कमरेवर लावलेली चिकटपट्टी या पहारेकऱ्यांपर्यंत पोचते काय?

कमरेवरचे यंत्र काय करते

१९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी वेदनेविषयी एक विचार मांडला. पाठीच्या कण्यात जणू एक फाटक आहे. दुखऱ्या जागेची वार्ता बारीक तंतूंतून त्या फाटकाशी येते. त्याच वेळी स्पर्शाची वार्ता नेणारे जाड तंतू जागे केले तर फाटक अर्धे मिटते आणि वेदनेची वार्ता मेंदूकडे कमी पोचते. गुडघा आपटला की आपण नकळत तिथे चोळतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे. टेन्स यंत्र हे चोळण्याचे काम विजेने करते. जलद पद्धतीत सेकंदाला सुमारे १०० ठोके देतात व मुंग्या आल्यासारखे वाटते. मंद पद्धतीत २ ते ४ ठोके देतात व स्नायू हलकेच फडफडतात.

यातील प्रत्येक ठोका फार अल्प वेळाचा असतो, सेकंदाचे दहा हजार भाग केले तर त्यातील एक-दोन भागांएवढा. शिवाय वीज जवळजवळ लावलेल्या दोन पट्ट्यांमध्येच फिरते. विहिरीवरच्या पंपाची वीज याहून अगदी निराळी. ती २३० व्होल्टची किंवा त्याहून अधिक असते आणि हातातून शिरून छातीतून पायावाटे जमिनीत जाते. तेवढ्याने हृदयाची लय मोडून ते नुसते थरथरत राहते आणि मनुष्य दगावतो. म्हणून घरच्या विजेला किंवा ट्रॅक्टरच्या बॅटरीला तारा जोडून असले यंत्र घरी बनवण्याचा उद्योग कोणीही करू नये. कोणाला पंपाचा झटका बसला तर आधी मुख्य बटण बंद करावे, मगच त्याला हात लावावा.

रक्तदाबावर होणारा परिणाम

कमरेवरच्या टेन्सचा रक्तदाबावर परिणाम तीन वाटांनी होऊ शकतो.

पहिली वाट वेदनेची. दुखणे हाच चाबूक आहे. रात्रभर कंबर ठणकली तर नाडी आणि रक्तदाब दोन्ही चढलेले असतात. यंत्राने ठणका कमी झाला की चाबूक खाली येतो व आकडा काहीसा उतरतो. हा उतार खरा असतो, पण तो वेदनेमुळे चढलेल्या भागापुरताच. मुळातला रक्तदाबाचा विकार तिथेच राहतो.

दुसरी वाट उलटी. बटण फार वाढवले, चावा घेतल्यासारखे किंवा दुखेल इतके, तर तीच एक नवी वेदना होते. मग रक्तदाब व नाडी उतरण्याऐवजी चढतात. "जास्त वीज, जास्त गुण" हा हिशेब येथे लागू पडत नाही. मुंग्या स्पष्ट जाणवाव्यात पण सोसवाव्यात, तेवढेच पुरे.

तिसरी वाट मज्जातंतूंमार्फत मेंदूकडे जाणारी. मंद ठोक्यांनी चाबूक उगारणाऱ्या मज्जातंतूंचा जोर थोडा कमी होतो, असे काही लहान प्रयोगांत आढळले आहे; इतर प्रयोगांत फरक दिसला नाही. २०१५ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील डॉक्टरांनी ६५ रुग्णांवर सुया टोचून त्यांतून मंद वीज सोडण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. आठवड्यातून एकदा अर्धा तास, असे आठ आठवडे. मनगटाजवळ व गुडघ्याखाली ठराविक जागी उपचार झालेल्या बहुतेकांचा वरचा आकडा सरासरी ६ ते ८ ने उतरला. हा उपचार तज्ज्ञांच्या हाताने, सुयांनी, सौम्य विकाराच्या रुग्णांवर झाला होता. घरच्या चिकटपट्टीला त्याचे श्रेय देता येत नाही.

रोजची एक साधी गोळी वरचा आकडा सरासरी ९ ने उतरवते, आणि तो दिवसरात्र उतरलेला ठेवते. वरचा आकडा १० ने खाली राहिला तर पक्षाघाताचा धोका सुमारे चौथ्या हिश्श्याने कमी होतो, असे मोठमोठ्या चाचण्यांचा एकत्रित हिशेब सांगतो. अर्ध्या तासापुरता उतरलेला आकडा हे संरक्षण देत नाही.

१५४ चे १४० का झाले?

त्या गृहस्थांचा आकडा १४ ने उतरला त्यात वेदना शमल्याचा भाग होता, हे खरे. पण आणखीही कारणे होती. शेतातून आल्या आल्या त्यांनी पहिल्यांदा मोजले होते. नंतर अर्धा तास ते आडवे पडून राहिले व मग मोजले. यंत्र बंद ठेवून नुसते पडून राहिले असते तरी आकडा उतरलाच असता. रक्तदाब दिवसभर खालीवर होत असतो. चढलेला असताना मोजला तर पुढच्या वेळी तो बहुधा कमीच भरतो.

ही फसगत मोठ्या डॉक्टरांचीही होऊ शकते. मूत्रपिंडाच्या धमनीत बारीक नळी घालून तिच्याभोवतालचे मज्जातंतू उष्णतेने जाळण्याचा एक उपचार निघाला. पहिल्या प्रयोगांत रक्तदाब इतका उतरला की सगळीकडे बोलबाला झाला. मग अमेरिकेत ५३५ रुग्णांवर कसून चाचणी झाली, तिचा निकाल २०१४ साली आला. काहींना खरा उपचार दिला, काहींना फक्त नळी घालून तपासणी केली, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णांना कळू दिले नाही. सहा महिन्यांनी खरा उपचार झालेल्यांचा वरचा आकडा १४ ने उतरला होता. आणि ज्यांना नुसताच देखावा केला त्यांचा? जवळजवळ १२ ने! पुढे यंत्रात व पद्धतीत सुधारणा झाल्या, नव्या चाचण्यांत माफक गुण दिसला आणि २०२३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या औषध खात्याने अशा दोन यंत्रांना परवानगी दिली. पण १२ चा तो आकडा आपण विसरू नये. आपल्यावर लक्ष दिले जात आहे या नुसत्या दिलाशाने आणि गोळ्या नेमाने घेतल्याने एवढे घडू शकते.

मानेतल्या पहारेकऱ्यालाच विजेने चेतवण्याचे यत्नही झाले आहेत. १९६० च्या दशकात अमेरिकेतील शल्यवैद्यांनी तिथे तारा बसवून पाहिल्या. त्या काळची यंत्रे बोजड होती आणि गोळ्याही सुधारत गेल्या, म्हणून तो मार्ग मागे पडला. पुढे त्वचेखाली बसवायचे नवे यंत्र आले. ज्यांचा रक्तदाब अनेक गोळ्यांनीही हटत नव्हता अशा २६५ रुग्णांवरील चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. तिच्या पाच उद्दिष्टांपैकी तीन साधली, दोन हुकली. शस्त्रक्रियेतील सुरक्षितता हे हुकलेल्यांपैकी एक होते. त्याच धर्तीच्या सुधारलेल्या यंत्राला २०१९ साली अमेरिकेत परवानगी मिळाली, पण ती दुबळ्या झालेल्या हृदयाच्या काही रुग्णांसाठी. शस्त्रक्रिया करून, नेमक्या जागी तारा बसवून जे इतक्या कष्टाने साधते, ते कमरेवरची पट्टी घरबसल्या साधून देईल, अशी अपेक्षा धरणे योग्य नाही.

यंत्र कोणी व कोठे लावू नये

१. मानेच्या पुढच्या वा बाजूच्या भागावर पट्टी कधीही लावू नये. तिथे पहारेकरी आहे. तो अवचित चेतला तर नाडी एकदम मंदावून, रक्तदाब कोसळून मनुष्य भोवळ येऊन पडेल. घशाचे स्नायू आवळून श्वासही कोंडेल.

२. छातीवर, किंवा एक पट्टी छातीला व दुसरी पाठीला अशी लावू नये.

३. ज्यांच्या छातीत पेसमेकर किंवा हृदयाला झटका देणारे यंत्र बसवले आहे, त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्यावाचून टेन्सला हात लावू नये.

४. गरोदर स्त्रियांनी पोटावर वा कमरेवर लावू नये. फेफरे येणाऱ्यांनी डोक्यावर व मानेवर लावू नये.

५. जखमेवर, सुजलेल्या व रक्ताची गाठ धरलेल्या पायावर, कर्करोगाच्या जागेवर लावू नये. मधुमेहाने बधिर झालेल्या त्वचेवरही नको. भाजले तरी कळत नाही.

६. माडावरून वा झाडावरून पडून कण्याला वरच्या भागात इजा झालेल्या माणसावर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय वापरू नये. अशांचा रक्तदाब विजेच्या चेतनेने एकाएकी फार चढू शकतो.

७. अंघोळ करताना, झोपेत, गाडी किंवा ट्रॅक्टर चालवताना यंत्र चालू ठेवू नये.

मग यंत्राचा उपयोग काय?

उपयोग आहे, आणि रक्तदाबाच्या रुग्णालाही आहे. कंबर दुखली की आपली माणसे दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी आणतात व आठवडेच्या आठवडे घेतात. या गोळ्या अंगात मीठ व पाणी साठवतात, रक्तदाब चढवतात, बीपीच्या काही गोळ्यांचा गुण कमी करतात आणि मूत्रपिंडाला इजा करतात. टेन्समुळे अशा चार गोळ्या वाचल्या तर तो मोठाच लाभ आहे. म्हणून वेदनेसाठी यंत्र, रक्तदाबासाठी गोळी, अशी कामाची वाटणी करावी.

खरा आकडा जाणून घ्यायचा तर नीट मोजावे. आधी अर्धा तास चहा, तंबाखू व श्रम टाळावेत. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे मुकाट बसावे. उघड्या दंडाला पट्टा बांधून हात काळजाच्या उंचीवर ठेवावा. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. सकाळी गोळीपूर्वी आणि संध्याकाळी, असे सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी. घरी ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. यंत्र लावल्यानंतर लगेच घेतलेले आकडे या वहीत मांडू नयेत.

गोळी कमी करावी असे वाटत असेल तर तेही डॉक्टरांनाच विचारावे. त्यांना सांगायला लाजू नये. सरकारी आरोग्य केंद्रांत या नेहमीच्या गोळ्या मिळतात, तेव्हा खर्चाच्या भीतीनेही त्या सोडू नयेत. जोडीला सुके मासे, लोणचे, पापड यांवर हात आवरावा. दिवसाला सगळे मिळून ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षा, कमी मीठ पुरे. तंबाखू आणि दारू सोडावी. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे किंवा छातीत दाबल्यासारखे दुखणे, यांपैकी काहीही झाले तर यंत्र शोधत बसू नये. तडक इस्पितळ गाठावे.

ते शेतकरी गृहस्थ पुन्हा गोळी घेऊ लागले आहेत. यंत्रही वापरतात, पण कमरेपुरते. संत लूक स्वतः वैद्य होते, हे आपण जाणतोच. प्रार्थना आणि औषध यांचे आपल्या धर्मात वैर नाही. देह ही देवाने सोपवलेली ठेव आहे. ती श्रद्धेने जपावी आणि अकलेने जपावी. आपल्या घरी असे यंत्र आले असेल तर आज रात्री डबी उघडण्यापूर्वी आईवडिलांना एक प्रश्न अवश्य विचारा : "बीपीची गोळी घेतली ना?"